दुसरा ट्रे

माझ्या भावाच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती आणि ती बदलायची सोय आमच्या इस्पितळात नव्हती. ती होती मोठ्या इस्पितळात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथली एक खाट दुपारी मोकळी झाली. डॉक्टर स्वतः येऊन सांगून गेले, की संध्याकाळची पाळी बदलेपर्यंत ती खाट त्याच्यासाठी राखून ठेवतील, मग रांगेतल्या पुढच्या माणसाला देतील. त्यानंतरची खाट कधी मिळेल, असं मी विचारलं, तर ते भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिले. उत्तर मला कळलं.

भाऊ धाकटा. घरात त्याला ढब्बू म्हणतात, कारण लहानपणी तो तसा होता. आता चादरीखाली कुणी आहे की नाही, हे जवळ जाऊन बघावं लागत होतं. नाकाला नळी, ओठ निळसर, पण बोलायची हौस तशीच. दोन शब्द बोलायचा, थांबून श्वास गोळा करायचा, आणि एवढं करून जो तिसरा शब्द यायचा तो थट्टेचा. रुग्णवाहिका खाली येऊन उभी राहिल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाला, तिथलं जेवण बरं असलं तर कळवतो, तूही आजारी पड. भावजयीने त्याला दटावलं. ती बिचारी इतके दिवस देव पाण्यात घालून बसली होती, तिला थट्टा सोसवत नव्हती. मला मात्र त्याच्या थट्टेचाच आधार होता. तो गंभीर झाला असता तर मी कोलमडले असते.

फक्त कागद यायचे बाकी होते. पेशंटला एका इस्पितळातून दुसरीकडे नेताना त्याची सगळी हकिगत छापून बरोबर द्यावी लागते. त्या कागदाच्या कोपऱ्यात ठिपक्याठिपक्यांची एक चौकोनी खूण असते. ती तिकडचं मशीन वाचतं, तेव्हाच खाट त्या माणसाच्या नावावर चढते. हाताने लिहिलेलं चालत नाही. आणि ती खूण छापतानाच तयार होत असल्यामुळे पडद्याचा फोटो काढूनही भागत नाही. हे सगळं मला वॉर्डातल्या कारकुनाने समजावून सांगितलं. सांगताना तो घामाघूम झाला होता, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

वॉर्डाच्या तोंडाशी काचेची एक खोली. तीत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि बाजूच्या स्टुलावर प्रिंटर. प्रिंटरला एकाखाली एक असे दोन ट्रे. वरच्यात पांढरे कागद गच्च भरलेले. कारकुनाने बटण दाबलं. प्रिंटर जागा झाला, थोडा घरघरला आणि गप्प बसला. त्याच्या पुढच्या पट्टीवर अक्षरं उमटली: ट्रे दोनमध्ये कागद घाला.

"मग घाला की," मी म्हणाले.

कारकून माझ्याकडे बघेना. तो माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होता. दारात वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर उभ्या होत्या, हातात सलाइनची बाटली घेऊन.

"दुसरा ट्रे आम्ही भरून ठेवत नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, कागद वाचवायचा काही सरकारी नियम असेल. पण तसं नव्हतं. दुसरा ट्रे पिवळ्या कागदाचा. मृत्यूचा दाखला निघतो तो पिवळ्या, जाड, अर्ध्या आकाराच्या कागदावर, ज्याचा मथळा आधीच छापलेला असतो. ते कागद सिस्टरांच्या कपाटात कुलपात. माणूस गेला की सिस्टर कपाट उघडून एक कागद काढतात, आपल्या हाताने त्या ट्रेमध्ये ठेवतात, कारकून कॉम्प्युटरमध्ये जाऊन पहिल्याऐवजी दुसरा ट्रे निवडतो, दाखला निघतो, आणि ट्रे पुन्हा रिकामा. कागद आधीपासून घालून ठेवायचा नाही, हा त्या वॉर्डाचा रिवाज. पूर्वी एकदा कुणीतरी रोजचा त्रास नको म्हणून गठ्ठाच भरून ठेवला होता, आणि तो गठ्ठा बघता बघता संपला होता. सिस्टर हे भुताखेताची गोष्ट सांगावी तसं सांगत नव्हत्या. नळाला पाणी कधी येतं ते सांगावं, तसं सांगत होत्या.

मी असल्या गोष्टींना भीक घालत नाही, आणि घालत नाही हे बोलून दाखवायची मला खोड आहे. ट्रे म्हणजे प्लास्टिकचा खोका, त्याला माणसं खाता येत नाहीत, असं मी म्हणाले. सिस्टरांनी वाद घातला नाही. त्या कारकुनाला म्हणाल्या, की यांचे कागद पांढऱ्यावर काढा, सेटिंग पहिल्या ट्रेवर घ्या.

आणि घोडं इथेच पेंड खात होतं. सेटिंग बदलत नव्हतं.

ते का बदलत नव्हतं, हे कारकुनाच्या तोंडून काढताना माझ्या नाकी नऊ आले. दुपारी ढब्बूच्या शेजारच्या खाटेवरचे आजोबा गेले होते. कारकुनाने नेहमीप्रमाणे दुसरा ट्रे निवडून दाखला छापला. मग सेटिंग परत पहिल्यावर आणायला गेला, तर ते टिकेना. पहिला ट्रे निवडून खिडकी बंद केली की पुन्हा दुसरा हजर. हे वरचेवर व्हायचं. वैतागून त्याने कॉम्प्युटर विभागाला फोन लावला. विभागाचा माणूस आपल्या जागेवरूनच ह्या कॉम्प्युटरमध्ये शिरला, इकडे तिकडे बघितलं, आणि फोनवर विचारलं, की आत्ता दिसतंय तेच कायमचं करून टाकू का? कारकुनाच्या डोक्यात कायमचा ट्रे म्हणजे पहिला. तो पडद्याकडे न बघता हो म्हणाला. पडद्यावर दुसरा होता. त्या माणसाने तो कायमचा केला, वर पासवर्डचं कुलूप घातलं आणि फोन ठेवला.

"मग त्याला परत फोन करा."

"करतोय ताई. उचलत नाही."

मी कारकुनाला खुर्चीवरून उठवलं. माझा जन्म ऑफिसात गेलाय. प्रिंटर, त्यांचे रुसवेफुगवे, त्यांच्या पोटातल्या कागदाच्या चिंध्या, सगळं मी बघितलेलं आहे. मी प्रिंटरची खिडकी उघडली. कागद कुठून घ्यायचा, ह्या ओळीपुढे ट्रे दोन लिहिलेलं, पण अक्षरं राखाडी. क्लिक केलं तरी ढिम्म हलत नव्हती. अडकलेलं काम रद्द केलं, पुन्हा पाठवलं. ट्रे दोनमध्ये कागद घाला. वरचा ट्रे बाहेर ओढून पुन्हा आत ढकलला. ट्रे दोनमध्ये कागद घाला. प्रिंटरची वायर उपटली, श्वास रोखून थांबले, पुन्हा लावली. तो पहिल्यापासून घरघरला आणि अतिशय नम्रपणे तेच म्हणाला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, त्यात किती वेळ जातो हे मला त्या दिवशी कळलं. पडद्यावर ते गोल गोल फिरत होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

शेजारच्या वॉर्डात धावत गेले. तिथली बाई चांगली होती, तिने लगेच नाव टाकून बघितलं. पण तिच्या कॉम्प्युटरला आमचा पेशंट ठाऊकच नव्हता. ज्या वॉर्डाचा माणूस, त्याच वॉर्डातून कागद. ती ओशाळून हसली आणि मी तशीच परत पळाले.

परत आले तर कारकुनाच्या कानाला फोन, आणि पलीकडे कुणीतरी होतं. मी फोन जवळजवळ हिसकावला. पण तो कुलूप घालणारा माणूस नव्हे, दुसराच कुणी. तो म्हणाला, तक्रार नोंदवा, नंबर मिळेल, नंबर आला की माणूस बघेल. मी त्याला सांगितलं की इथे माझा भाऊ मरायला टेकलाय. हे शब्द माझ्या तोंडून निघाले आणि मीच दचकले, कारण तोवर मी ते मनातसुद्धा म्हटले नव्हते. पलीकडचा हलक्या आवाजात म्हणाला, की पासवर्ड त्या एकालाच माहीत आहे, आणि तो बाहेर पडलाय.

मग मला सुचलं, की ट्रेला कागदच हवाय ना, पांढरा घालू. खालचा ट्रे ओढला. तो बोडका आणि अरुंद, त्याच्या आतल्या पट्ट्या अर्ध्या कागदाच्या मापावर स्क्रूने पक्क्या केलेल्या, चुकून कुणी भलता कागद घालू नये म्हणून. मी सिस्टरांकडे कात्री मागितली. बँडेज कापायची कात्री मिळाली, तिने पांढरे कागद अर्धे कापले. सिस्टर बघत होत्या. पांढऱ्याला त्यांची हरकत नव्हती. पण त्या ट्रेला कॉम्प्युटरने सांगून ठेवलेलं, की कागद जाड आहे. त्यामुळे मशीन सावकाश चालायचं आणि भरपूर तापायचं. माझा पातळ कागद आत गेला तो चुरगळून तिथेच बसला. झाकण उघडून काढला. दुसऱ्या वेळी दोन कागद एकमेकांना बिलगून गेले. तिसऱ्या वेळी कागद फाटला आणि त्याचा तुकडा आत राहिला. तो सिस्टरांनी जखमेतून काच काढावी तसा चिमट्याने काढला. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मी त्या प्रिंटरला जे बोलले ते इथे लिहीत नाही. कारकूनसुद्धा लाजला.

काचेपलीकडे भावजय येऊन उभी राहिली. ती आत आली नाही. तिने फक्त विचारलं, की ताई, झालं का, त्यांना आता पडून श्वास घेता येत नाहीये, उशा लावून बसवलंय. मी म्हटलं, होतंच आहे, तू त्याच्याजवळ बस. ती गेली नाही. तिच्या मागोमाग रुग्णवाहिकेचा चालक जिना चढून आला. मोठ्या इस्पितळातून विचारणा झाली होती, निघालात का म्हणून. त्याने निघालो असं ठोकून दिलं होतं. आता निघालोय म्हटल्यावर ते थोडं थांबतील, म्हणाला, पण फार नाही थांबणार. खिडकीतून येणारं ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर चढलं होतं.

मी कात्री खाली ठेवली. कापायला पांढरा जाड कागद त्या खोलीत नव्हता. असलेला एकमेव जाड कागद कपाटात होता.

"सिस्टर, पिवळा द्या."

त्यांनी मान हलवली. "जिवंत माणसासाठी मी तो ट्रे भरणार नाही. तुम्ही रागवा, तक्रार करा. मी नाही भरणार."

मी रागावले नाही. रागवायचं त्राण उरलं नव्हतं. मी त्यांच्यापुढे रडले. हात जोडले. मी म्हटलं, मथळा खाली जाऊ दे, मागची कोरी बाजू आहे ना, तिच्यावर छापू, तिकडच्या मशीनला खूण दिसली म्हणजे झालं. हकिगत लांब आहे, दोन-तीन कागद लागतील, तेवढे द्या. मग कमरेची किल्ली काढून त्यांनी कपाट उघडलं, वरचे कागद उचलून टेबलावर ठेवले, आणि दोन पावलं मागे सरकल्या. देणं त्यांनी केलं. ट्रेमध्ये घालणं माझ्यावर सोडलं.

पिवळे कागद माझ्यासमोर होते. वर मथळा, त्याखाली ‘मयताचे नाव’ आणि पुढे मोकळी जागा. मी हात पुढे केला आणि तो तिथेच राहिला.

मी, जी असल्या गोष्टींना भीक घालत नाही. मला कागद उचलवेना. डोकं सांगत होतं की हा कागद आहे, लगदा, पिवळा रंग, दुसरं काही नाही. पण शेजारच्या आजोबांचा दाखला निघाला तेव्हा मी वॉर्डातच होते, तो घेऊन जाणाऱ्या त्यांच्या मुलाचा चेहरा मी बघितला होता, आणि माझी बोटं काही केल्या मिटेनात. उद्या काही झालं तर हे कागद मी घातले होते, एवढंच मला आयुष्यभर दिसत राहील असं वाटलं. भीती वाटली. सरळ, साधी, लहान मुलाला वाटते तशी. चालक घड्याळ बघत होता, कारकून जमिनीकडे बघत होता, आणि मी खांबासारखी उभी.

काचेचं दार उघडलं. भावजय आत आली. सणावारी काय, साध्या शिंकेलाही थांबणारी ही बाई. मांजर आडवं गेलं म्हणून रस्ता बदलणारी, आणि त्यावरून माझी बोलणी खाणारी. पिवळा कागद म्हणजे काय हे तिलाही ठाऊक होतं. दुपारी आजोबांच्या बायकोला तिनेच सावरलं होतं. तिने टेबलावरचे कागद उचलले, कडा जुळवल्या, ट्रेसमोर गुडघ्यावर बसली.

"कोरी बाजू वर ठेवायची की खाली?"

कारकून पुटपुटला, वर.

तिने कागद उलटे केले, ट्रेमध्ये ठेवले आणि ट्रे ढकलून दिला. खट्ट असा आवाज झाला. "छापा," ती म्हणाली.

प्रिंटर सावकाश चालला, तापला, आणि एकेक कागद बाहेर सरकवत गेला. माझ्या भावाचं नाव, वय, त्याच्या झडपेची सगळी रडकथा, कोपऱ्यात ठिपक्यांची खूण. पिवळ्यावर काळं. डॉक्टर शस्त्रक्रियेत होते, त्यांच्या जागी दुसऱ्यांनी सही केली, शिक्का मारला. सिस्टरांनी ट्रे बाहेर ओढून आत काही उरलं नाही ना, हे बोटांनी चाचपून बघितलं. मग त्या स्वतः ढब्बूला खाटेवरून हलवायला आल्या.

स्ट्रेचरवर त्याला हनुवटीपर्यंत चादर घातली होती. डोळे मिटलेले. वॉर्डबॉय पुढून, भावजय मागून ढकलत होती, आणि मी कागद हातात घट्ट धरून बाजूने धावत होते. लिफ्टमध्ये मी कागदांची घडी करणार होते, मग वाटलं खूण मोडेल, म्हणून तसेच छातीशी धरले. तेव्हा कोणती बाजू बाहेर आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या फाटकावर चौकीदार बसतो, बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाचे कागद बघतो. फाटकापलीकडे रुग्णवाहिका उभी होती, चालकाने पुढे जाऊन इंजिन चालू केलेलं. आम्ही जवळ आलो. चौकीदाराने माझ्या हाताकडे बघितलं, आणि तो खुर्चीवरून उठला. त्याने टोपी काढून छातीशी धरली. तो म्हातारा, सभ्य माणूस होता.

"मागच्या दाराने न्यायचं असतं, बाई," तो अगदी हळू म्हणाला. "इथून नाही नेत. लोक बसलेले असतात."

दिवसभर मी सगळ्यांवर ओरडले होते. कारकुनावर, फोनवरच्या माणसावर, प्रिंटरवर. आत्ता एक वाक्य बोलायचं होतं, की हे ते नाही, आणि तेवढंच मला जमेना. मी कागद त्याच्यापुढे केले, उलटे करून दाखवले. त्याने ते वाचायला घेतलेच नाहीत, पिवळ्या कागदात वाचायचं काय असतं. त्याने मागच्या वाटेकडे हात दाखवला आणि मान खाली घातली. भावजयीने स्ट्रेचरचा दांडा सोडून तोंडावर हात ठेवला.

तेवढ्यात ढब्बूने डोळे उघडले. त्याने आधी माझ्या हातातले कागद बघितले. ते काय आहेत हे त्याला कळलं. त्याला कळलंय हे मलाही कळलं, आणि त्या क्षणी मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. मग त्याची नजर चौकीदाराच्या टोपीवर गेली. त्याने श्वास गोळा केला. त्याला फार वेळ लागला. आम्ही सगळे थांबलो.

"टोपी घाला, दादा," तो म्हणाला. पुन्हा थांबला. "मी... आहे अजून."

चौकीदार त्याच्याकडे बघतच राहिला. ढब्बूने खात्री पटवायला चादरीतून हात काढून वर केला. तो वर राहीना, खाली येऊ लागला. मी कागद दातांत धरले आणि दोन्ही हातांनी त्याचा हात खालून उचलून धरला, फाटक पूर्ण उघडेपर्यंत.